दुपारी पीसी झटक्यात बंद पडतो, सकाळी 'इनिट्रॅमएफएस'वर अडकतो (लिनक्स मिंट २१.३)

मानेवाडा_मिंट

राजेहो, घरचा डेस्कटॉप एप्रिलपासून त्रास देऊन राहिला आहे. दुपारी बारा ते पाचच्या मधात कधीही प्लग उपटल्यासारखा बंद होतो. शटडाउनचा पडदा नाही, कुठला संदेश नाही. कधी आपोआप परत सुरू होतो, कधी बटण दाबावं लागतं.

असं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बरेचदा मिंटचा लोगोच येत नाही. काळ्या पडद्यावर बऱ्याच ओळी आणि शेवटी हे:

/डेव्ह/एसडीए२: अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली
(इनिट्रॅमएफएस)

मशीन: रायझन ५ २६००, त्याच्यासोबत आलेलाच फॅन, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६५०. २४० जीबी साटा एसएसडीवर मिंट २१.३ (कर्नल ५.१५), १ टीबी हार्ड डिस्कवर विंडोज १० आणि डेटा. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ४५० वॅटचा. सगळं २०१९ मध्ये घेतलेलं. पीसी हॉलमध्ये आहे, त्याच विजेच्या बोर्डावर कूलर. पीसीचा पॉइंट घरच्या इन्व्हर्टरवर आहे, वेगळा यूपीएस नाही. रात्री बोर्डाचं बटण बंद करतो.

अजून दोन किरकोळ गोष्टी. सकाळी कधीकधी 'सेटअपसाठी एफ१ दाबा' असं येतं. आणि व्हर्च्युअलबॉक्स आधी चालायचं, ते आता 'एएमडी-व्ही बायोसमध्ये बंद आहे' म्हणतं. यांचा संबंध नसावा.

बर्डीवर एका दुकानात विचारलं तर उत्तर आलं, एसएसडी गेली, नवी टाका आणि लिनक्सचा नाद सोडा. एसएसडी बदलू, एसएमपीएस बदलू, की मे महिन्याच्या उन्हालाच दोष देऊ?

टर्मिनल_ताई

अजून काहीच विकत घेऊ नका आणि फॉरमॅट तर अजिबात नको. ज्या दोन गोष्टींना तुम्ही किरकोळ म्हणता त्याच मला जास्त कामाच्या वाटतात, पण आधी मशीन उठवू. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टाका.)

सरळ एफएससीके (डिस्कवरची फाइल-रचना तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारण्याआधी एसएसडीची तब्येत पाहा. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा, नेट जोडा, ॲप्टने स्मार्टमॉनटूल्स घाला आणि

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

चालवा. क्रमांक ५, १९७ आणि १९८ (खराब सेक्टरांची मोजणी) यांच्या शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर पुढे जा. तिथे आकडा असेल तर आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रत काढा, कारण मरणाऱ्या डिस्कवर एफएससीके लिहायला लागला की उरलेलंही जातं. १९९ वाढत असेल तर दोष केबलचा. साटा केबल काढून घट्ट बसवा किंवा बदला. १७४ किंवा १९२ म्हणजे अचानक वीज जाण्याची मोजणी. सगळ्या कंपन्या हे सगळे क्रमांक देत नाहीत, नसला तर घाबरू नका.

सगळं ठीक असेल तर इनिट्रॅमएफएसच्या (मिंट सुरू होण्याआधीच्या छोट्या तात्पुरत्या सिस्टमच्या) प्रॉम्प्टवर नुसतं 'एक्झिट' लिहून एंटर दाबा. नेमकं कोणतं पार्टिशन अडलं ते तो परत सांगतो. मग

एफएससीके -एफ -वाय /डेव्ह/एसडीए२

आणि संपल्यावर पुन्हा 'एक्झिट'. '-वाय' म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. इथे रूट पार्टिशन माउंट झालेलं नसतं म्हणून हे चालतं. चालू डेस्कटॉपवरून माउंट असलेल्या पार्टिशनवर ही कमांड कधीही देऊ नका.

आणि मुख्य म्हणजे 'अनएक्स्पेक्टेड' या ओळीच्या वरच्या ओळींचा फोटो काढा. खरं कारण तिथे लिहिलेलं असतं, खालची ओळ नुसता निकाल आहे.

ब्लोअर_आणि_ब्रश

नागपूर, मे महिना, २०१९ चा पीसी, दुपारी बंद. थर्मल पेस्ट वाळली, विषय संपला.

पेस्ट बदलताना एएम४ सॉकेटमधली खोच लक्षात ठेवा. प्रोसेसरच्या पिना खाली असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. थंड मशीनवर हीटसिंक सरळ वर ओढला तर लॉक लागलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं लोड देऊन गरम करा, बंद करा, वायर काढा, चारही स्क्रू थोडे थोडे करून तिरप्या जोडीने सोडा आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलका पिळून सुटा करा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. नवी पेस्ट मटाराच्या लहान दाण्याएवढी, मधोमध. पसरवत बसू नका, दाबाने ती आपोआप पसरते. स्क्रू परत तिरप्या जोडीनेच.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर तो मोकाट फिरून बेअरिंग खातो. एसएमपीएस बाहेरूनच फुंका, उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही काही वेळ भरलेला असतो.

आणि पीसी कूलरच्या झोतात असेल तर आधी हलवा. ताट्यांतून येणाऱ्या बारीक तुषारांबरोबर पाण्यातले क्षार येतात, त्यांचा पांढरा थर मदरबोर्डावर बसतो. त्यावर धूळ, त्यावर दमट हवा. पावसाळ्यात तोच थर ओल धरतो.

मानेवाडा_मिंट

ताई, स्मार्टमध्ये (एसएसडीच्या तब्येतीच्या त्या यादीत) ५ आणि १९९ शून्य, १९७-१९८ यादीतच नाहीत, १७४ समोर ६१. एफएससीकेनंतर मिंट व्यवस्थित सुरू झालं, फाइली जागेवर आहेत. वरच्या ओळी अशा:

सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम ... (नाऊ = ट्यू जान १ ... २०१९) इज इन द फ्यूचर.

पण डेस्कटॉपवर घड्याळ अगदी बरोबर दिसतं.

दोन_ओएस

ड्युअल बूटचा जुना खेळ आहे हा. विंडोज मदरबोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं धरतं. भारतात फरक साडेपाच तासांचा. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ करा किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसी लावा. दुसरा मार्ग बरा.

टर्मिनल_ताई

@दोन_ओएस, रजिस्ट्रीवाला मार्गच बरा हे मान्य, पण इथला दोष तो नाही. वेळ मागे गेलेली दिसली तरी फरक २४ तासांच्या आत असेल तर बूटच्या वेळचा एफएससीके 'घड्याळ चुकलं असावं' असं धरून स्वतःच दुरुस्त करतो आणि पुढे जातो. साडेपाच तासांवर तो अडत नाही. इथे 'आत्ता' म्हणून १ जानेवारी २०१९ दिसते आहे. वर्षांचा फरक पडला की तो माणसाला विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून इनिट्रॅमएफएस.

@मानेवाडा_मिंट, तुमच्या मदरबोर्डावरचा सेल संपला आहे. सीआर२०३२, तीन व्होल्टचा नाण्यासारखा. विजेच्या बोर्डाचं बटण चालू असतं तोवर एसएमपीएसची पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन घड्याळ चालवते. रात्री बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. तो गेला की मदरबोर्ड बायोसच्या मूळ तारखेवर आणि मूळ सेटिंगवर जातो. 'एफ१ दाबा' त्यामुळेच. व्हर्च्युअलबॉक्सही त्यामुळेच: एएमडी बोर्डांवर एसव्हीएम (एएमडी-व्हीचंच दुसरं नाव) हे सेटिंग बहुधा मुळात बंद असतं. ते आधी कधीतरी चालू केलेलं होतं, आता पुसलं गेलं.

डेस्कटॉपवर घड्याळ बरोबर दिसतं कारण तोवर चूक झाकली जाते. रूट पार्टिशन माउंट झालं की सिस्टमडी-टाइमसिंकडी (वेळ जुळवणारा प्रोग्राम) आधीच्या सत्रात नोंदवलेल्या वेळेपर्यंत घड्याळ पुढे ढकलतो, मग नेट आलं की अचूक करतो, आणि कर्नल दर अकरा मिनिटांनी ती वेळ मदरबोर्डाच्या घड्याळातही लिहितो. पण एफएससीके या सगळ्याच्या आधी धावतो. म्हणून तपासायचं ते डेस्कटॉपवर नाही. रात्री बटण बंद ठेवा, सकाळी डिलीट दाबत सरळ बायोसमध्ये जा आणि तारीख बघा.

सेल बदलायला: मशीन बंद, वायर काढलेली, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेला चार्ज काढा. सेलच्या कडेची पत्र्याची क्लिप नखाने बाजूला करा, तो वर उडतो. नवा घालताना अधिकची, म्हणजे अक्षरं असलेली बाजू वर. जुना मल्टिमीटरवर २.८ च्या खाली असेल तर कचऱ्यात. नवा ३ किंवा थोडा वर दाखवतो. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सीआर२०२५ देऊ पाहतील. तो पातळ असतो, क्लिपमध्ये सैल बसतो, घेऊ नका.

नंतर बायोसमध्ये एवढं परत लावा: तारीख, एसव्हीएम चालू, रॅमचं एक्सएमपी (वेगाचं सेटिंग), बूट क्रमात एसएसडीवरचं मिंट पहिलं, साटा मोड एएचसीआय.

आता एक प्रश्न, आणि याचं उत्तर महत्त्वाचं आहे. दुपारी बंद पडून जेव्हा तो आपोआप परत येतो, तेव्हा इनिट्रॅमएफएस येतं का?

मानेवाडा_मिंट

आता विचार केल्यावर, नाही. तेव्हा सरळ मिंट येतं. अडकतो तो रात्री बटण बंद केल्यानंतरच.

टर्मिनल_ताई

म्हणजे दोन्ही बिघाड सुटे आहेत. अचानक वीज गेल्यावर ईएक्सटी४ (मिंटची फाइल-सिस्टम) आपलं जर्नल, म्हणजे अर्धवट कामांची नोंद, परत खेळवून बहुतेक वेळा नीट उठतं, तुमच्याकडेही उठतंच आहे. सकाळचा विषय सेलने मिटेल. दुपारचा वेगळा.

@ब्लोअर_आणि_ब्रश, पेस्टची कृती मी जपून ठेवणार, पण विषय संपला नाही. २६०० हा ९५ अंशांवर आधी स्वतःचा वेग कमी करतो. मशीन रडतखडत चालते, लगेच मरत नाही. त्याच्याही बऱ्याच वर गेलं तरच हार्डवेअर वीज तोडतं. उन्हावर संशय घ्यायला हरकत नाही, पण पुरावा हवा.

पहिला पुरावा, नोंदी.

जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स
जर्नलसीटीएल -बी -१ -ई

दुसरी कमांड मागच्या सत्राचा शेवट दाखवते. शेवटी शटडाउन किंवा पॉवर-ऑफ टार्गेटच्या ओळी असतील तर सॉफ्टवेअरने बंद केलं. नोंद मधेच तुटली असेल तर वीज तुटली किंवा हार्डवेअरने तोडली. फक्त एक खोट आहे: जर्नलडी साध्या नोंदी दर पाच मिनिटांनीच डिस्कवर पक्क्या करतो, फक्त अतिगंभीर नोंदी लगेच. त्यामुळे शेवटची काही मिनिटं हरवलेली असू शकतात. 'काहीच दिसत नाही' याचा अर्थ 'काहीच घडलं नाही' असा काढू नका.

म्हणून तापमान वेगळं नोंदवा, दर पाच सेकंदांनी आणि सिंकसह. एलएम-सेन्सर्स घाला, सेन्सर्स-डिटेक्ट एकदा चालवा, मग:

व्हाइल ट्रू; डू डेट; सेन्सर्स; एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी टेम्परेचर; सिंक; स्लीप ५; डन >> ~/ताप.टीएक्सटी

'सिंक' विसरलात तर शेवटचे आकडे मेमरीतच मरतील, आणि आपल्याला नेमके तेच हवेत. टीसीटीएल म्हणजे प्रोसेसरचं. सेन्सर्समध्ये १२ व्होल्टचा आकडा दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका, बोर्डाचा तो अंदाज असतो. खरा १२ बघायचा तर मोलेक्स पिनच्या पिवळ्या-काळ्या वायरवर मल्टिमीटर, लोडखाली ११.४ ते १२.६ मध्ये हवा.

लोड चाचणी दोनदा, एकदा रात्री, एकदा दुपारी तीनला:

स्ट्रेस-एनजी --सीपीयू ० --टाइमआउट १५एम --मेट्रिक्स

रात्रीही लोडवर बंद पडला तर एसएमपीएस. फक्त दुपारी आणि फक्त लोडवर पडला तर उष्णता. दुपारी नुसता ब्राउझर उघडा असतानाही पडला तर बाहेरून येणारी वीज.

आणि एक बायोस सेटिंग. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं काहीसं नाव असतं, ते 'पॉवर ऑन' करा (सेल बदलल्यावरच, नाहीतर टिकणार नाही). वीज बाहेरून तुटली असेल तर ती परत येताच मशीन स्वतः उठेल. उष्णतेमुळे मदरबोर्डाने तोडली असेल तर बाहेरची वीज गेलेलीच नसते, मग मशीन बटण दाबेपर्यंत पडून राहील. एसएमपीएसच्या ओव्हरकरंट संरक्षणाने तोडली असेल तर बरेचदा बटणही ऐकत नाही. मागचा स्विच बंद करून थोडं थांबून लावावा लागतो. हे सगळं फुकटात कळतं, सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी.

चारजीबी_लॅपटॉप

माझा बंद पडत नाही, गोठतो. माउसही हलत नाही, डिस्कचा दिवा सतत पेटलेला. ४ जीबी रॅम, ब्राउझर. तोच दोष का?

टर्मिनल_ताई

नाही, तुमची रॅम संपते आहे. वेगळा धागा काढा, पण तोवर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा करणारं) आणि अर्लीओओएम (रॅम पूर्ण संपण्याआधी जड प्रोग्राम बंद करणारं) घाला. गोठल्यावर पॉवर बटण दाबून धरण्याऐवजी आल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून क्रमाने एस, यू, बी, प्रत्येकी दोन सेकंद थांबत. जुन्या लेखांत आर-ई-आय-एस-यू-बी असं सहा अक्षरांचं सांगतात, पण उबुंटू आणि मिंटमध्ये सिसआरक्यूचं (याच आणीबाणीच्या बटणांचं) मूल्य मुळात १७६ असतं: १६ सिंक, ३२ रीड-ओन्ली माउंट, १२८ रीबूट. ही तीनच चालतात. बाकी तीन दाबून काही होत नाही, नुकसानही नाही.

मानेवाडा_मिंट

सेल बदलला (जुना २.१ दाखवत होता), सकाळचा त्रास गेला, व्हर्च्युअलबॉक्सही चालू. दुपारचे निकाल:

– जर्नल दर वेळी मधेच तुटलेलं.
– ताप.टीएक्सटीमध्ये बंद पडण्याआधीचा शेवटचा आकडा प्रोसेसर ७१, जीटीएक्स ५८. फक्त ब्राउझर चालू होता.
– दुपारी तीनला लोड चाचणीत ८९ पर्यंत गेला, पण बंद पडला नाही. रात्री ७६.
– 'पॉवर ऑन' केल्यापासून दर वेळी स्वतःच उठतो.
– त्याच क्षणी हॉलचा पंखा जरा दबतो.

हॉलच्या विजेच्या बोर्डावर मल्टिमीटर लावला: सकाळी सातला २२२, दुपारी १८८ ते १९५, फ्रिज सुरू होताना त्याच्याही खाली उडी मारतो, मीटरला पकडता येत नाही. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट २००–२४० व्होल्ट लिहिलं आहे.

काळी_माती

इथून पुढे लिनक्सचा विषय नाही, वायरिंगचा आहे.

तुमचा एसएमपीएस २०० ते २४० वाला आहे. १०० ते २४० लिहिलेला ॲक्टिव्ह पीएफसीवाला (कमी-जास्त व्होल्टेज स्वतः सावरून घेणारा) असता तर १९० त्याला जाणवलंही नसतं. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर वीज क्षणभर गेली तरी मशीन धरून ठेवतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये पूर्ण लोडवर हा वेळ साधारण १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका पूर्ण आवर्तनापेक्षाही (२० मिलिसेकंद) कमी. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाबरोबर बदलते. २३० ऐवजी १८० आले की ती ६१ टक्क्यांवर येते. म्हणजे दुपारी तुमचं मशीन आधीच काठावर उभं असतं, फ्रिजच्या कॉम्प्रेसरने सुरू होताना ओढ घेतली की पडतं. खड्डा लहान असेल तर नुसतं रीसेट, मोठा असेल तर पूर्ण बंद. पूर्वी कधी आपोआप आणि कधी बटणाने उठायचं ते यामुळेच.

आता इन्व्हर्टरकडे बघा. मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो, 'इको' किंवा 'नॉर्मल' आणि 'यूपीएस'. इकोमध्ये तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची कुठलीही लाइन जशीच्या तशी पुढे सोडतो आणि बॅटरीवर जायलाही सावकाश. यूपीएस मोडमध्ये १८० ते २६० च्या बाहेर गेलं की सुमारे १० मिलिसेकंदांत बॅटरीवर. आकडे कंपनीनुसार थोडे बदलतात, तत्त्व तेच. पंखे-दिव्यांना इको पुरतो, पीसीला नाही. स्विच बहुधा इकोवरच असेल, दुकानातून तसाच येतो.

पण तेवढ्यावर थांबू नका. सकाळी २२२ आणि दुपारी १९० हा फरक रस्त्यावरून येतो की घरातून, हे मोजल्याशिवाय काही ठरवू नका. दुपारी कूलर, फ्रिज, इन्व्हर्टर चालू ठेवून मीटरजवळच्या मेन स्विचवर आणि हॉलच्या बोर्डावर लागोपाठ मोजा. मेनवर मोजायला वायरमनला बोलवा, तिथे हात घालू नका. दोन्हीकडे १९० असेल तर वीज कंपनीकडे कमी दाबाची तक्रार, क्रमांक १९१२. २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४, एवढंच त्यांना चालतं. मेनवर २१५-२२० आणि बोर्डावर १९० असेल तर मधे कुठेतरी सांधा सैल आहे.

वायरमन आलाच आहे तर अर्थिंगही बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाटीची पकड सुटते. मे महिन्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी सोडत राहायला हवं. कूलरला रोज पाणी देतो, याला कोणी देत नाही.

मानेवाडा_मिंट

स्विच इकोवरच होता, यूपीएसवर केला. त्यानंतर बंद पडला नाही, पण दुपारी इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो. वायरमनने मोजलं: मेनवर २१७, त्याच वेळी हॉलच्या बोर्डावर १९१.

काळी_माती

२६ व्होल्ट घरातच खाल्ले जात आहेत. हे पीसीपेक्षा गंभीर आहे. हॉलच्या लाइनवर कूलर, फ्रिज आणि चार्ज होणारा इन्व्हर्टर मिळून पाच अँपिअर धरले तरी २६ गुणिले ५ म्हणजे १३० वॅट उष्णता एखाद्या सांध्यात जिरते आहे. भिंतीच्या डब्यात. तिथलं प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही.

वायरमनला सांगा: मेन बंद करून हॉलच्या लाइनचा न्यूट्रल आधी तपास. एमसीबीच्या बाजूला न्यूट्रल लिंकचे स्क्रू, मग जंक्शन बॉक्समधले टेप गुंडाळलेले पीळ, मग बोर्डातलं सॉकेट. लोक फेज कसतात आणि न्यूट्रल विसरतात. काळपट तांबं, करपलेला वास, पिवळी पडलेली इन्सुलेशन दिसली की तेवढी वायर कापून नवा सांधा कनेक्टरने करा, पीळ मारून टेप नको. दुपारीच का, तर तेव्हाच कूलर चालतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर उन्हामुळे जास्त वेळ फिरतो आणि बॅटरी चार्ज होत असते. लोड वाढला की त्या सांध्यावर पडणारी व्होल्टेजची घटही तेवढीच वाढते.

तोवर फ्रिज दुसऱ्या लाइनवर घ्या आणि दुपारी त्या बोर्डावर इस्त्री-मिक्सर लावू नका.

ब्लोअर_आणि_ब्रश

रात्री ७६ आणि दुपारी ८९ हा तेरा अंशांचा फरक खोलीच्या हवेचाच आहे, म्हणजे हीटसिंक ठीक काम करतो. पेस्ट आत्ता नाही बदलली तरी चालेल. पण दिवाळीच्या सफाईत हीटसिंकच्या पट्ट्यांतली धूळ काढाच, आणि एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून असेल तर कॅबिनेटखाली दोन इंच मोकळी जागा ठेवा.

मानेवाडा_मिंट

जंक्शन बॉक्समधला न्यूट्रलचा पीळ काळा ठिक्कर होता, इन्सुलेशन चिकटलेलं. नवा सांधा झाला. आता दुपारी कूलर-फ्रिज चालू असताना बोर्डावर २१४. एक शेवटचं: तरी पीसीसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस इन्व्हर्टरच्या पुढे लावू का?

टर्मिनल_ताई

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला असेल तर नको. अशी लाट मिळाली की छोटा यूपीएस तिला खराब वीज समजतो, सतत बॅटरीवर राहतो आणि काही मिनिटांत चिरकत बंद पडतो. साइन वेव्ह असेल तर चालेल, पण मग इन्व्हर्टरचा यूपीएस मोडच पुरेसा आहे. लावायचाच असेल तर इन्व्हर्टरवर नसलेल्या, थेट लाइनच्या पॉइंटवर, एव्हीआर (व्होल्टेज सावरणारी सोय) असलेला आणि यूएसबी पोर्टवाला घ्या. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तुमच्या मशीनला भरपूर. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर मरते, त्यामुळे तो कूलरच्या खोलीतच ठेवा, बाल्कनीकडच्या भिंतीला नको.

मिंटवर नट (यूपीएसशी बोलणारं सॉफ्टवेअर) घाला. स्वस्त यूपीएसना बहुधा एनयूटीडीआरव्ही_क्यूएक्स हा ड्रायव्हर लागतो, काहींना यूएसबीएचआयडी-यूपीएस. जोडला गेला की यूपीएससी कमांड इनपुट व्होल्टेज दाखवते, आणि बॅटरी संपत आली की मशीन स्वतःच नीट शटडाउन होतं. खोक्यावर 'यूएसबी' लिहिलेलं असलं तरी काहींत ते नुसतं मोबाइल चार्जिंगचं असतं. दुकानात डेटा पोर्ट आहे का हे विचारूनच घ्या.